सिमेंटचा पत्रा फोडून काढू नका: सांगली जिल्ह्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

सांगली जिल्ह्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे अध्यक्ष, पालक सदस्य, मुख्याध्यापक सर-मॅडम आणि शाळेच्या कामात लक्ष घालणारे सरपंच, ग्रामसेवक, सगळ्यांना नमस्कार.

हे पत्र शाळेच्या जुन्या खोल्यांवरच्या सिमेंटच्या पत्र्याबद्दल आहे. साताऱ्याकडच्या कुणाच्या मोबाईलवर पोचलं तर त्यांनी पण वाचा, कारण पाटण-जावळी काय आणि जत-आटपाडी काय, जुन्या खोल्या, किचन शेड, सायकल स्टँड, मुतारी, सगळीकडे वर हाच राखाडी नागमोडी पत्रा असतो. ह्या पत्र्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे छातीत गेलं तर कॅन्सर करू शकणारं तंतूंचं खनिज. तो वर शाबूत आहे तोवर त्याचा त्रास कमी, आणि ज्या दिवशी तो फोडला त्या दिवशी तो सगळ्यात जास्त धोक्याचा. आणि आपल्याकडे शाळेची जुनी खोली पाडायची म्हणजे पहिलं काम पत्रा फोडणे हेच असतं. ते थांबवा एवढंच मला सांगायचंय, पण ते का आणि कसं हे नीट सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नाही म्हणून पत्र मोठं झालंय.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी डिपार्टमेंटला कामाला आहे. मुलगी गावच्या झेडपी शाळेत तिसरीला आहे आणि समितीत मी पालक सदस्य आहे. म्हणजे कारखान्यात हा पत्रा कसा उतरवतात ते मी बघितलंय आणि गावात कसा उतरवतात ते पण बघितलंय.

गावातलं सांगते. शेजारच्या एका गावात शाळेच्या दोन जुन्या खोल्या पाडायचं काम चालू होतं, गाव आणि शाळा कुठली ते लिहीत नाही कारण हे सगळीकडेच चालतं. शाळा चालू असताना काम. ठेकेदाराची दोन मजूर पोरं वर छपराच्या कैचीवर चढलेली, पत्रा अँगलला धरून ठेवणाऱ्या जे-हुकचे नट गंजून बसलेले, ते फिरेनात, मग घणाने हुकाच्या भोवतीचा पत्राच फोडायचा आणि तुकडे खाली सोडायचे. खाली ट्रॉली लावलेली. प्रत्येक तुकडा पडला की पांढरट धूळ उठायची आणि वाऱ्याने तिकडच्या चालू वर्गाकडे जायची. दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी शेडसमोरची ती धूळ खराट्याने झाडली, कोरडीच, पदर नाकाला लावून. मधल्या सुट्टीत पोरींनी त्यातलेच चपटे तुकडे उचलले, ठिकरी खेळायला. एक तुकडा मी हातात घेऊन (हो, मास्क माझ्या बॅगेत असतो) उन्हात धरून बघितला, तुटलेल्या कडेला बारीक पांढरी लव दिसते, फाटलेल्या गोणपाटाच्या कडेला दोरे सुटतात ना तशी. ती लव म्हणजेच ॲस्बेस्टॉस. आणि जी डोळ्याला दिसते ती कमी त्रासाची, खरी भीती न दिसणाऱ्याची.

ॲस्बेस्टॉस म्हणजे जमिनीतून निघणारं खनिज आहे, दगडच, पण तो तंतूंच्या रूपात असतो. जळत नाही, कुजत नाही, तुटत नाही, म्हणून सिमेंटमध्ये मिसळून पत्रे, पाइप, टाक्या बनवतात. आपल्याकडच्या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरं ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट, राख, लगदा वगैरे. पत्रा फुटला, घासला, कापला की तंतू सुटतात आणि ते इतके बारीक की केसाच्या जाडीपुढे काहीच नाहीत. बंद खोलीत ते तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. श्वासातून फुप्फुसात गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत, तिथेच रुतून बसतात. त्यातून फुप्फुसं कडक होत जातात, त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कॅन्सर होतो. आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, जो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरं सुद्धा, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेत. पांढरं सेफ आणि निळं वाईट असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका.

आता गावात हे बोललं की पहिला प्रश्न येतो, "आवो ताई, माझ्या बापाच्या येळंपासनं पत्रा हाय, कुणाला काय झालंय?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर असं की हा आजार लगेच दिसत नाही, २० वर्षं, ३० वर्षं, ४० वर्षं लागतात. दहाव्या वर्षी धूळ ओढलेला पोरगा पन्नाशीत आजारी पडतो, तोवर तो कुठे पुण्या-मुंबईला असतो, डॉक्टर विडी-सिगारेट विचारतो, टीबी तपासतो, शाळेचा पत्रा फोडला तेव्हा तू कुठे होतास असं कोण विचारणार. म्हणून "कुणाला काय झालं" ह्याचा हिशोब गावात कधी लागतच नाही. आणि विडी ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कॅन्सर व्हायचा धोका आणखी कितीतरी पट, दोन्ही धोके नुसते बेरीज होत नाहीत, एकमेकाला वाढवतात. कैचीवर चढलेली ती दोन मजूर पोरं विडी ओढत होती हे मला राहून राहून आठवतं.

लहान पोरांचं वेगळं सांगायला पाहिजे. ब्रिटनमधल्या सरकारच्या तज्ज्ञ समितीने २०१३ साली हिशोब मांडला होता की तेवढीच धूळ पाचव्या वर्षी ओढली तर पुढच्या आयुष्यात मेसोथेलिओमा व्हायची शक्यता तिसाव्या वर्षी ओढणाऱ्यापेक्षा सुमारे पाचपट. कारण सरळ आहे, आजाराला वाढायला जितकी वर्षं लागतात तितकी वर्षं त्या पोराच्या पुढे शिल्लक असतात. म्हणून कारखान्यातल्या पत्र्यापेक्षा शाळेतल्या पत्र्याची काळजी जास्त.

जगात साठच्या वर देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातलीय. ब्रिटनने १९९९ ला, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या शेवटी, आपल्या शेजारच्या नेपाळने २०१५ ला. अमेरिकेत तर १९८६ पासून खास शाळांसाठी कायदा आहे, प्रत्येक शाळेने आपल्याकडे ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचं, लिहून ठेवायचं, दर तीन वर्षांनी परत तपासायचं, दर सहा महिन्यांनी नजर टाकायची आणि पालकांना ते कागद बघायला मागता येतात. आपल्या देशात वापरायला बंदी नाही, बाहेरून आयात होतं, पत्रे खुलेआम दुकानात मिळतात. पण म्हणून कायद्याला काहीच माहीत नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ ला ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत निकाल दिला, त्यात कामगाराच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा असेल तोपर्यंत ठेवा असं सांगितलं. चाळीस वर्षं! कोर्टाला कळलं होतं की हा आजार किती उशिरा उगवतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसची नोंद आहे. शाळांवरच्या ॲस्बेस्टॉसच्या छपरांचा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पण गेलाय. ते वरचं वर चालू राहील, आपल्या शाळेच्या छपराचा निर्णय मात्र गावातच होतो, समितीच्या मीटिंगमध्ये.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते म्हणजे उद्या कुणी घाबरून हातोडा घेऊन वर चढायला नको. वर्गावर शाबूत पत्रा आहे, न फुटलेला, न चिरलेला, त्याच्या खाली बसणाऱ्या पोरांना त्याच क्षणी मोठा धोका आहे असं नाही. सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन वरचा थर झिजतो, तेव्हा हळूहळू सुटायला लागतात, पन्हाळीत जो काळा गाळ साठतो त्यात ते असतात. म्हणजे पत्रा कधीतरी काढायचाच आहे, पण घाईने आणि वाईट पद्धतीने काढलेला पत्रा हा वर राहिलेल्या शाबूत पत्र्यापेक्षा नक्कीच वाईट. नीट काढायची सोय होईपर्यंत त्याला हात लावू नका, सांभाळा.

सांभाळा म्हणजे काय, तर शाळेत जे रोज घडतं त्यातल्या बऱ्याच गोष्टी बंद करायच्या. फॅनचा हुक, सीसीटीव्हीची वायर, डिजिटल वर्गाची केबल, सोलरचा पॅनल, ह्यासाठी पत्र्याला ड्रिल मारायचं नाही, ग्राइंडर तर अजिबात नाही, ग्राइंडरने पत्रा कापताना जो ढग उठतो त्याच्या इतकं वाईट काही नाही. २६ जानेवारीच्या आधी रंगरंगोटी करताना शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासतात किंवा गाडी धुवायच्या प्रेशरने मारतात, दोन्ही नको. बॉल वर गेला की पोरं चढतात, हे तर दुहेरी संकट, पत्रा फुटून धूळ होते ती एक गोष्ट, पण जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन धरत नाही, दोन अँगलच्या मधे पाय पडला की सरळ खाली. सेफ्टीच्या कामात असल्या पडण्याच्या केसेस आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, त्यातला माणूस बऱ्याचदा वाचत नाही. बॉल गेला तर गेला, नवा आणा, समितीने वर्गणी काढून चार बॉल जास्तीचे घ्यावेत.

वळीव लागला की आपल्याकडे पत्रे उडतात हे काय सांगायला नको. २०१९ च्या महापुरानंतर पलूस, वाळवा, मिरज भागात पडलेल्या घरांचा राडारोडा रस्त्याकडेला पडलेला होता त्यात हे पत्रे होतेच, आणि लोक उघड्या हातांनी उपसत होते. असं काही झालं आणि शाळेत पत्रा फुटला तर आधी पोरांना त्या खोलीतून आणि आवारातल्या त्या बाजूने बाहेर काढा, तुकड्यांवर हलक्या धारेने पाणी मारा, ओले असतानाच उचला, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून बांधा, फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पण त्याच पिशवीत टाका. खराटा नको, पंखा नको, ब्लोअर नको. हे करणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क पाहिजे, त्याचं पुढे सांगते. आणि हे काम शिपायाला किंवा खिचडीच्या मावशींना सांगून मोकळं होऊ नका, त्यांनाही फुप्फुसं आहेत.

पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे बघून कळत नाही. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. बिगर-ॲस्बेस्टॉसचे पत्रे आता मिळतात, पण जुन्या खोलीवरचा सिमेंटचा पत्रा असेल आणि हातात उलटा पुरावा नसेल तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायचं. उगाच तपासायला म्हणून तुकडा मोडू नका.

एक वही करा. खरंच एवढंच, दोनशे पानी वही. कुठल्या खोलीवर, शेडवर सिमेंटचा पत्रा आहे, अंदाजे किती, कुठे चीर, कुठे भोक, कुठला तुकडा लोंबतोय, कधी बघितलं, फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये आहेत. पावसाचे जुने पाइप आणि पाण्याची जुनी सिमेंटची टाकी पण लिहा, त्यातही असू शकतं. वर्षातून दोनदा बघायचं, एकदा वळवाच्या आधी एकदा पावसाळ्यानंतर. इलेक्ट्रिशियन, पेंटर, सोलरवाला, डेकोरेशनवाला शाळेत कामाला आला की आधी ती वही दाखवायची. ब्रिटनमध्ये इमारत सांभाळणाऱ्यावर ही नोंद ठेवायची कायद्याने जबाबदारी आहे, आपल्याकडे नाही म्हणून काय झालं, वही ठेवायला कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा, निर्लेखन (म्हणजे जुनी खोली सरकारी नोंदीतून कमी करणे) आणि लिलाव. जुनी खोली धोकादायक ठरते, निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजूर होतो, मग जुन्या साहित्याची यादी होते: अँगल इतके, दारं-खिडक्या इतक्या, पत्रे इतके. लिलाव होतो. लोखंड भंगारात जातं, लाकूड कुणीतरी नेतं आणि शाबूत निघालेले सिमेंटचे पत्रे गावातलाच कुणीतरी गोठ्यासाठी नेतो. अर्धे फुटलेले असतील तर न्हाणीला आडोसा, कोंबड्यांचं खुराडं, उकिरड्याची कड. चुरा झालेला असेल तर रस्त्याचा खड्डा भरायला, आणि मग त्याच्यावरून रोज ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, पोरांच्या सायकली. म्हणजे शाळेतला धोका आपण सरकारी पावती फाडून गावात वाटतो. लिलावातून पत्र्याचे किती रुपये येतात बघा एकदा, त्यासाठी हे करण्यात काही अर्थ आहे का? मी माझ्या समितीत हे बोलले तेव्हा एका सदस्याने विचारलं, "मग शासनाची वस्तू अशीच टाकून द्यायची का, ऑडिटला काय सांगायचं?" बरोबर आहे, ऑडिटचा प्रश्न खरा आहे, मुख्याध्यापक त्यालाच घाबरतात. म्हणून तर समितीचा ठराव पाहिजे आणि निर्लेखनाच्या प्रस्तावातच लिहिलेलं पाहिजे की पत्रे हे विकायचं साहित्य नसून घातक कचरा आहे. कागदावर आधीच असेल तर नंतर कुणी मुख्याध्यापकाला धरणार नाही.

दुसरी गोची अंदाजपत्रकात आहे. खोली पाडण्याच्या एस्टिमेटमध्ये पत्रा काढायचा रेट धरतात तो साधा, दोन मजूर आणि एक ट्रॉली. पाणी मारणे, परांची, मास्क, प्लास्टिक, गाडीभाडे, विल्हेवाट लावायची फी ह्यासाठी त्यात एक रुपया नसेल तर ठेकेदार कुठून करणार? त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. इंजिनिअर साहेब मोजमापाला आले की त्यांना त्याच वेळी सांगा की पत्रे सुरक्षित उतरवणे आणि विल्हेवाट ही वेगळी बाब धरा. एकदा एस्टिमेट मंजूर झालं की काही होत नाही, मग सगळे हात वर करतात.

कारखान्यात कसं करतात ते आता सांगते, कारण "शास्त्रोक्त" म्हटलं की लोकांना वाटतं परदेशातलं काहीतरी महागडं मशीन लागतं. आमच्याकडे एका जुन्या शेडचे पत्रे उतरवले तेव्हा सुट्टीचे दिवस निवडले, शेड रिकामं, आजूबाजूला पट्टी लावून जाणं-येणं बंद. कामगार पत्र्यावर चढलेच नाहीत, खालून परांची बांधली आणि फळीवर उभं राहून काम. आधी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी पाणी, जोराची धार अजिबात नाही, हलका फवारा, पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाकलेलं म्हणजे पाणी पत्र्यात मुरतं. फवारायला काय वापरलं माहितीये का, पाठीवरचा हातपंप, जो आपल्याकडे द्राक्षबागवाल्या प्रत्येकाच्या घरात आहे. ब्लोअर मात्र वापरायचा नाही, त्याच्या हवेने धूळ उलट उडते. गंजलेले जे-हुक फिरवत बसायचं नाही आणि पत्रा फोडायचा नाही, हुकच बोल्ट कटरने तोडायचा, तिथे परत पाणी मारून. मग पत्रा अख्खा, चौघांनी धरून खाली द्यायचा, तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, तेव्हा एकट्यादुकट्याचं काम नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर पत्रे एकावर एक, दोन थरांत गुंडाळून टेपने बंद, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: ॲस्बेस्टॉस, उघडू नये, फोडू नये. आपल्याकडे शेततळ्याचा कागद मिळतो तो जाड आहे, चालतो.

मास्कबद्दल नीट ऐका. रुमाल, उपरणं, कोविडमधला निळा मास्क, ह्याचा उपयोग शून्य, आणि एन-९५ वर पण भागवू नका. दोन्ही गालांवर घट्ट बसणारा रबरी मास्क आणि त्याला पी-१०० किंवा पी-३ दर्जाचे फिल्टर लागतात, दाढी असेल तर तो बसत नाही. अंगावर एकदाच वापरायचा पांढरा सूट, काम झालं की तो ओला करून काढायचा आणि कचऱ्यात. तेच कपडे घालून घरी जायचं नाही. नवऱ्याचे कामाचे कपडे धुऊन धुऊन बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत, त्या बायका कारखान्यात एक दिवस गेल्या नव्हत्या. शेवटी कैच्या, अँगल, भिंतीची कड, फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली, खास बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम फिरवला, आणि मगच शेड परत उघडलं.

यात सगळ्यात अवघड भाग शेवटचा आहे, गुंडाळलेले पत्रे न्यायचे कुठे. पुण्याच्या पुढे रांजणगावला घातक कचऱ्याची अधिकृत जागा आहे, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीत आहे, तिथे पत्र देऊन विचारायचं, लेखी विचारायचं. पण एका शाळेच्या चाळीस पत्र्यांसाठी कोणी रांजणगावपर्यंत गाडी नेणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून तालुक्यातल्या ज्या शाळांच्या खोल्या त्या वर्षी पाडायच्यात त्यांचं एकत्र काम काढलं पाहिजे, एकच अनुभवी एजन्सी, एकच परांचीचा सेट, एकच गाडी. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दहा समित्यांनी मिळून मागणी केली तर जिल्हा नियोजनच्या निधीतून खोल्यांची कामं होतात त्यातच हे बसू शकतं. एकट्या शाळेच्या वार्षिक अनुदानातून हे होणार नाही, तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला पंचवीस हजार मिळतात, त्यात खडू, लाइटबिल, दुरुस्ती सगळं. ग्रामपंचायतीने वित्त आयोगातून हातभार लावला तर लावावा, पेव्हर ब्लॉकला पैसे निघतातच.

गाडीची सोय होईपर्यंत गुंडाळलेले पत्रे आवाराच्या एका कोपऱ्यात, कुंपण घालून, सावलीत ठेवता येतात. गुंडाळलेलं आहे, ओलं करून बंद केलंय, फुटलेलं नाही, तर ते काही महिने थांबू शकतं. ओढ्यात टाकणे, खड्डा काढून पुरणे, कुणाला तरी फुकट देणे, ह्यातलं काहीच नको.

वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीची धरा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात उतरवून मृगाच्या आत नवीन छप्पर बसलं पाहिजे, नाहीतर जूनला शाळा उघडते आणि पोरं परत मंदिरात बसतात.

नवीन छपराचं पण बोलूया, कारण सिमेंटचा पत्रा लोकांना आवडतो त्याला कारण आहे. आटपाडी-जतच्या एप्रिलच्या उन्हात लोखंडी पत्र्याखाली पोरांना बसवत नाही, आणि शिराळ्याच्या पावसात त्याच्यावर असा ताशा वाजतो की बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. म्हणून ठेकेदार म्हणतो परत सिमेंटचाच टाकू, स्वस्त आणि थंड. नको टाकू. आत फोम असलेले दुहेरी पत्र्याचे पॅनल मिळतात, रंगीत पत्रा टाकून खाली इन्सुलेशन आणि सिलिंग करता येतं, मंगलोरी कौलं अजून मिळतात, आणि ॲस्बेस्टॉस नसलेला सिमेंटचा पत्रा पण बाजारात आहे, तो घेताना बिलावर आणि कंपनीच्या सर्टिफिकेटवर तसं लिहून घ्या, दुकानदाराच्या तोंडी बोलण्यावर नको. माझं मत विचाराल तर स्लॅबला पैसे नसतील तिथे रंगीत पत्रा अधिक इन्सुलेशन, आणि वर्गाच्या दोन्ही बाजूंना झाडं.

समितीच्या हातात काय आहे असं कुणी म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आहेत, निम्म्या महिला आहेत, आणि कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा आपणच करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो आराखडा एकटे सर बसून भरतात आणि आपण सह्या करतो. ह्या वर्षी तसं करू नका. मीटिंगला बसा, वर छताकडे बघा, आणि खालचा ठराव घ्या. त्याची एक प्रत १ मेच्या ग्रामसभेत वाचायला द्या आणि एक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्या.

ठराव असा:

"शाळेच्या आवारातील सर्व सिमेंट पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असे गृहीत धरून त्यांची नोंदवही ठेवण्यात यावी. सदर पत्र्यांना छिद्र पाडणे, कापणे, घासणे यास मनाई करण्यात येत आहे. खोली निर्लेखित करताना पत्रे अखंड, ओले करून, शाळेला सुट्टी असताना उतरवावेत व त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. उतरवलेल्या पत्र्यांचा लिलाव करू नये, ते कोणासही वापरण्यास देऊ नयेत, व त्यांची विल्हेवाट अधिकृत घातक कचरा केंद्रामार्फत लावावी. नवीन छपरासाठी ॲस्बेस्टॉसयुक्त पत्रा वापरू नये."

भाषा तुमच्या सोयीने बदला, पण लिलाव करू नये हे वाक्य कुणी कितीही आग्रह केला तरी काढू नका.

आपली,
तासगाव तालुक्यातली एक पालक सदस्य